डावीकडची वाटी

गुंगालिन (ऑस्ट्रेलिया), रविवार, १४ जून २०२०

सुहास,

सगळ्यांत आधी कोण आलं म्हणशील, तर चित्रलेखाबाई. जिला बोलावलंच नव्हतं ती. तीन घरं सोडून राहते, तिचा मुलगा अवधूत दुसऱ्या टीमचा कोच, आणि आज आमच्या घरी आमच्या टीमची मीटिंग. हातात साबुदाणावड्यांचा डबा. म्हणे, "तुमच्याकडे आज गडबड असणार, म्हटलं तेवढाच हातभार." गडबड आहे हे तिला कुणी सांगितलं? मीच, काल तळ्याभोवती फिरताना. लेकीने, मंजिरीने, माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट्याने वडे ताटात काढायला आत गेले. दोन आतच खाल्ले. तेल फार प्यायले होते, पण चार महिन्यांनी दुसऱ्या बाईच्या हातचं काही तोंडात पडलं.

इथे आता एका घरात वीस माणसं चालतात. त्याआधी दोन महिने चिटपाखरू फिरकलं नाही. मी फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी लेकीकडे आले आणि विमानंच बंद झाली. थंडी अशी की सकाळी अंगणातलं गवत पांढरं. मी नऊवारीवर दोन स्वेटर आणि जावयांचं ते फुगलेलं जाकीट घालते. चिन्मयी म्हणते, "आजी, यू लुक लाइक अ डूना." डूना म्हणजे इथली दुलई.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. टपालाला महिना लागतो, म्हणून मी वहीत लिहिते आणि चिन्मयी पानांचे फोटो काढून तुझ्या सुनेच्या, यामिनीच्या फोनवर पाठवते. चिन्मयी चौदाची झाली. मराठी बोलते, पण वाचता येत नाही, त्यामुळे मला लिहायला मोकळीक आहे. यामिनी, सासूबाईंनी फोन हातात घेतला नाही तर त्यांच्या देवघरात उघडा ठेवून ये. आणि माझ्या ऱ्हस्वदीर्घाकडे बघू नकोस, चौथीच्या पुढे मला कुणी पाठवलं नाही.

गेल्या वर्षीच्या त्या लग्नातलं मनात धरू नकोस, सुहास. मला खरंच आठवत नाही. पंचावन्न वर्षांपूर्वीचं कोण काय बोललं, हे कुणाला आठवणार?

तर मीटिंग. चिन्मयी बास्केटबॉल खेळते. टीमचं नाव गँग-गँग, इथला एक पोपट आहे, अंगाने राखाडी आणि डोकं लाल. ती कॅप्टन आणि आमचे जावई यतीनराव कोच. आठ वर्षांच्या होत्या तेव्हापासून त्याच पोरी एकत्र खेळतात आणि त्याच पोरी एकत्र हरतात. आता क्लबने कळवलंय की साफसफाईसाठी मध्ये वेळ सोडावा लागतो, त्यामुळे हॉल कमी तास मिळतो. सहा टीम आहेत, एक जास्त आहे. पाच मॅचचा छोटा सीझन होणार आणि शेवटी जी टीम तळाला राहील ती बंद. पोरी इकडेतिकडे वाटून टाकणार.

चिन्मयी हे ऐकून वड्याचा तुकडा बोटाने कुसकरत बसली. मी विचारलं, "का गं, तिखट आहे का?" तर म्हणाली, "आजी, आम्ही बंद होणार."

अक्का

रविवार, २१ जून

सुहास,

यामिनीच्या फोनवर दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे पत्र कुणीतरी बघितलंय. चिन्मयीने मला खुणा ओळखायला शिकवल्या. तू बघितलंस की यामिनीने, ते खुणांवरून कळत नाही. एवढी हुशार मंडळी फोन बनवतात, पण हे कुणी केलं नाही.

या आठवड्यात मी एक उद्योग केला. यतीनरावांनी मागच्या वर्षीच्या सहा मॅचचं शूटिंग करून ठेवलंय. दुपारी सगळे आपापल्या खोल्यांत कॉम्प्युटरशी बोलत बसतात. मी एकटीच, म्हणून टीव्हीवर लावून घेतल्या. मला प्रश्न असा पडला, की या पोरी बॉल टाकतात तर बऱ्या. एकेका मॅचमध्ये चाळीसपर्यंत जातात. मग हरतात कशा? तर समोरच्या बावन्न करतात. म्हणजे कमाई कमी नाही, घराला दार नाही.

मग दार कुठल्या बाजूला उघडं आहे ते बघू म्हटलं. तीन वाट्या घेतल्या आणि राजमा. समोरच्या पोरीने उजवीकडून येऊन बास्केट केलं तर उजव्या वाटीत दाणा, मधून आली तर मधल्या, डावीकडून आली तर डाव्या. चार दुपारी बसले. मंजिरी दोनदा येऊन गेली. म्हणाली, "आई, राजमा भिजत घालायचाय, तुझं स्टॅटिस्टिक्स झालं का?"

उजवीकडे एक वीस आणि वर दोन दाणे. मध्ये एक वीसही पुरी नाही. आणि डावीकडे, सुहास, तीन विसा आणि वर चार. वाटी शिगोशीग.

आता डावीकडे कोण उभं असतं ते बघायला पहिली मॅच परत लावली. आपलीच पोर. चिन्मयी. बास्केट करायला तीच सगळ्यांत चांगली, म्हणून तिचं लक्ष कायम पुढच्या टोपलीकडे. बॉल आपल्याकडे यायच्या आतच ती पळत सुटते आणि तिच्या वाट्याची पोर मागे मोकळी राहते. हे मी तिला सांगितलेलं नाही. कसं सांगू? फोटो तीच काढणार या पानाचा, माझ्या हाताला धरून, "आजी, होल्ड स्टिल" म्हणत.

यतीनरावांना एवढंच म्हटलं, की डावीकडे कुणी चांगली अडवणारी हवी. ते म्हणाले, "आई, तेच तर ड्राफ्टमध्ये बघायचंय." हा ड्राफ्ट म्हणजे काय, ते मी त्यांना तीनदा विचारलं. काही पोरींच्या टीम मोडल्यात, पाच जणी मोकळ्या आहेत. दोनच टीममध्ये एकेक जागा आहे, आमच्या आणि अवधूतच्या करावाँगमध्ये. आधी पाची जणींना खेळवून बघायचं, मग पाळीपाळीने निवडायचं. अगं, हे तर आपलं गडी वाटणं. फक्त आपल्याकडे दोघी खांद्यावर हात टाकून लांब जायच्या, एक हापूस व्हायची, एक पायरी, आणि कोण काय हे न कळता नाईक मागायचा. त्यामुळे नको असलेल्या पोरीला आपण नको आहोत हे कळतच नसे. इथे तोंडावर नाव घेतात. यतीनरावांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बेटर सिस्टम, आई."

आता तुला विचारायचं ते हे. आट्यापाट्यात पाटीवर तुझ्यासारखी उभी राहणारी बार्शीत दुसरी नव्हती. पळणारी चांगली, हे कुणालाही दिसतं. अडवणारी चांगली, हे कशावरून ओळखायचं? तिच्या हातून काही होतच नाही. जे होऊ देत नाही ते कसं मोजायचं?

अक्का

रविवार, ५ जुलै

सुहास,

उत्तर नाही. हरकत नाही. मी माझं डोकं चालवलं.

काल हॉलमध्ये पाच जणींना खेळवून बघितलं. एका पोरीमागे एकच मोठं माणूस आत. यतीनराव कोच म्हणून आधीच आत, मंजिरीचा फोन चालू, म्हणून चिन्मयीचं मोठं माणूस मी. दारात हातावर ते औषध घेतलं, वहीत नाव लिहिलं, माझं मी. जमिनीवर फुल्या मारलेल्या, त्या सोडून बसायचं.

जाकिटाच्या खिशात राजमा नेला होता. ठरवलं असं, की एखादीच्या अंगावरून जायला कुणी आलं, की उजव्या खिशातला दाणा हातात. ती पोर पार झाली तर दाणा डाव्या खिशात, नाही झाली तर परत उजव्यात.

पाच जणींत एक टिल्डा. ताडासारखी उंच. नऊदा बॉल टाकला, सातदा आत. सगळे तिच्याकडेच बघत होते, आणि अवधूत तर उभ्याचा खाली बसला. दुसरी एक जॉर्जी. बुटकी, गुडघ्याला पट्टी, एकही बास्केट नाही. एकदा टाकला तो बॉल माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर. पण सुहास, सहादा तिच्यावर कुणी ना कुणी चालून गेलं आणि डाव्या खिशात एक दाणा पडला. एकच. बाकीच्या तिच्यापाशी आल्या की आपणहून बाजूला वळायच्या, जसं काही तिथे भिंत असल्याचं त्यांना आधीपासून माहीत होतं.

तिची आजी माझ्यापासून दोन फुल्यांवर बसली होती, विणत. डॉट नाव. ती काहीतरी म्हणाली, मी काहीतरी म्हणाले, दोघी हसलो. मग तिने पिशवीतून आल्याचं बिस्किट काढलं आणि द्यायचं नाही हे आठवून परत ठेवलं.

घरी येताना गाडीत मी दाण्यांचं सांगितलं. यतीनराव सिग्नलला थांबले होते, हिरवा झाला तरी थांबूनच होते. म्हणाले, "आई, जॉर्जी. डन." चिठ्ठ्या टाकल्या त्यात पहिली पाळी अवधूतची आलीय, पण तो डोळे झाकून टिल्डाला घेणार. मग जॉर्जी आपलीच. फक्त कुणाला बोलायचं नाही. चिन्मयी मागे बसून माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून म्हणाली, "आजी, यू आर अवर स्काउट." स्काउट म्हणजे हेरून आणणारा.

कुणाला सांगायचं नाही, म्हणून तुला सांगितलं. तू काही ऑस्ट्रेलियात नाहीस.

आज सकाळी फिरताना चित्रलेखाबाई म्हणाल्या, "तुमचा डोळा त्या उंच मुलीवर असेल, पण पहिली पाळी आमच्या अवधूतची हं." बोलण्यात जरा ठसका होता. मी म्हटलं, घ्या की मग. एवढंच म्हटलं. जवळजवळ एवढंच.

अक्का

रविवार, १२ जुलै

सुहास,

हे पत्र चिन्मयी नाही, मंजिरी पाठवणार आहे. चिन्मयी खोलीतून बाहेर येत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी जेवणाआधी ड्राफ्ट झाला, कॉम्प्युटरवर. चौकोनाचौकोनात माणसं. क्लबची बाई म्हणाली, करावाँगने नाव घ्यावं. अवधूत जरा हसला आणि म्हणाला, "जॉर्जी." यतीनरावांनी कानातली वायर काढून परत घातली. मग आमची पाळी. त्यांनी टिल्डाचं नाव घेतलं, दुसरं काय घेणार. सगळ्या चौकोनांत टाळ्या वाजल्या, आमच्या घरात नाही.

"अवधूतला कसं कळलं?" यतीनराव म्हणाले. "त्याला डिफेन्समधलं डी कळत नाही. कुणीतरी सांगितलंय."

मी मटार सोलत होते. सोलत राहिले.

त्या सकाळी तळ्यापाशी मी काय बोलले ते आता नीट सांगते. मी म्हटलं, "घ्या की मग ती उंच, आम्हाला ती नकोच आहे. ती पट्टीवाली बुटकी बघितलीत का? हिरा आहे, मी दाणे मोजलेत." तिने ठसक्यात बोलायचं आणि मी गप्प बसायचं, हे मला जमलं नाही. मला दाखवायचं होतं, की मलाही काही कळतं.

दोन दिवस मी कुणाला बोलले नाही. मनात वाक्य तयार होतं: बोलले असेन चुकून, मला आठवत नाही. आज सकाळी चिन्मयी दूध घ्यायला आली. मी तेच वाक्य सुरू केलं, "बोलले असेन..." आणि ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. पुढे काय येतंय ते ऐकायला. पुढचं मला म्हणता येईना. मी म्हटलं, "चित्रलेखाबाईंना मीच सांगितलं. मुद्दाम नाही. मोठेपणा करायला सांगितलं."

"इट्स फाइन, आजी," ती म्हणाली. राग आला की ती पूर्ण इंग्रजीत जाते.

सुहास, मला आठवतं. लग्नात तू विचारलंस तेव्हाही आठवत होतं.

तुमची शाळेची टीम सोलापूरला जाणार होती. तू घरी शिवणाच्या परीक्षेचं सांगितलं होतंस आणि खरं फक्त मला. मी पंधराची, शाळा सुटून पाच वर्षं झालेली, घरात भाकऱ्या थापायची. नळावर काकू म्हणाली, तुझी बहीण शिवण शिकतेय, तुला काही येतं का? मी म्हटलं, कसलं शिवण, ती तर सोलापूरला आट्यापाट्या खेळायला चाललीय, सगळ्या शाळेत तिला पहिली निवडलीय. तुझी फुशारकीच मारत होते मी. काकूने ते दादांच्या कानावर घातलं. तू दाराशी पिशवी घेऊन उभी होतीस आणि दादांनी पिशवी हातातून घेऊन खुंटीला लावली.

तू म्हणालीस, शेजारच्या सुनीतीने सांगितलं. मी नाही म्हटलं नाही. तू तिच्याशी शाळा संपेपर्यंत बोलली नाहीस आणि मी ते रोज बघत होते. लग्नात सुनीतीने तुला सांगितलं, की ते सांगणारी ती नव्हती, आणि तू माझ्याकडे आलीस, तर मी म्हटलं, आठवत नाही. तुला सोलापूरपेक्षा त्या 'आठवत नाही'चा राग आला असणार. मला तसं वाटतं. तू सांग.

यामिनी, हे पान सासूबाईंनाच दे, बाळा.

अक्का

रविवार, ९ ऑगस्ट

सुहास,

मंगळवारी यामिनीकडून फोटो आला. वहीचं अर्धं पान. ना वर नाव, ना खाली सही. मी अक्षर लगेच ओळखलं, 'क'ला तू अजून शेपूट काढतेस.

"डोळ्यांकडे बघायचं नाही. कंबर बघायची. आपण आधी हलायचं नाही, ती हलल्यावर हलायचं. हूल दिली तर श्वास सोडायचा, पाय नाही."

मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही. मंजिरी म्हणाली, "मावशीने बाकी काहीच लिहिलं नाही का?" मी म्हटलं, एवढं लिहिलंय, दिसत नाही का तुला.

पण आधीचं सांगते, नाहीतर तुला लागायचं नाही. सीझन सुरू झाला. पहिली मॅच हरलो, दुसरी हरलो. मॅचला कोचलाच घरचं मोठं माणूस धरतात, म्हणून आत यतीनराव आणि मी दारात उभं राहून काचेतून बघते. टिल्डाने पहिल्याच मॅचमध्ये चौदा केले. पण चिन्मयीची सवय जुनीच. बॉल आला न आला, ही पुढे पळत. पुढे आता टिल्डा उभी आणि हीसुद्धा, एका टोपलीखाली दोघी, आणि डावीकडे रान मोकळं. तेव्हा मला कळलं. आम्ही अडवणारी शोधत होतो, पण मिळाली बास्केट करणारी. आता बास्केट करणारी आहे म्हटल्यावर चिन्मयीने पुढे पळायचं कारणच उरलं नाही. ती मागे राहू शकते. दार लावायला बाहेरून कुणाला आणायची गरजच नव्हती, घरातल्या माणसाचे हात मोकळे व्हायला हवे होते.

पण हे कळायला तिला आधी वाट्या दाखवाव्या लागणार होत्या. तीन आठवडे ती माझ्याशी इंग्रजीत बोलत होती आणि त्यात मी हे सांगायचं.

दुसरी मॅच हरल्यावर तिला स्वयंपाकघरात बसवलं. तिन्ही वाट्या मांडल्या. राजमा मी शिजवू दिला नव्हता, मंजिरीने दुसरा आणला. सांगितलं, कुठली वाटी कसली. ती डावी वाटी बघत बसली.

"ऑल दीज आर मी?"

"हो."

"हाउ लाँग हॅव यू नोन?"

"जूनपासून."

"मग आधी का नाही सांगितलंस?" मराठीत विचारलं गं.

"जे सांगायचं नव्हतं ते सांगून बसले, जे सांगायचं होतं ते लपवलं. माझं असंच आहे."

ती हसली नाही, पण नाकातून आवाज आला. यतीनराव दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "आई, मी वर्षभर हेच व्हिडिओ बघतोय. मला का दिसलं नाही?" मी म्हटलं, तुमची मुलगी आहे ती, तुम्ही तिचे बास्केट बघता.

आणि मग मंगळवारी तुझी चार वाक्यं आली. मी मागच्या अंगणात खडूने पाट्या आखल्या. चिन्मयी पाटीवर, यतीनराव पार व्हायला. ते डोळ्यांनी उजवीकडे आणि अंगाने डावीकडे, अशा हुला द्यायचे आणि ही दर वेळी फसायची. मी ओरडायची, कंबर, कंबर. शेजारचा म्हातारा कुंपणावरून बघत होता, "यू राइट, मेट?" म्हणाला. गुरुवारी यतीनराव अकरादा आले आणि आठदा तिच्या हातात सापडले. शेवटी तेच कंबर धरून बसले.

काल तिसरी मॅच जिंकलो. समोरच्यांचे फक्त वीस. चिन्मयीचं एकच बास्केट. गाडीत तिने ते सांगितलंही नाही.

तिने विचारलं, हे लिहिणारी आजी कुठल्या टीमकडून खेळायची? मी म्हटलं, तिला खेळू दिलं नाही. तिने विचारलं, का? मी सगळं सांगितलं. नळासकट. ती म्हणाली, "दॅट्स वर्स दॅन जॉर्जी." मी म्हटलं, हो, पुष्कळ वर्स.

अक्का

रविवार, २३ ऑगस्ट

सुहास,

तुझ्याकडेही गणपती बसला असेल. आमचा दीड दिवसाचा, शाडूचा, यतीनरावांनी केलेला. सोंड जरा जाड झाली. आताच बादलीत विसर्जन झालं, आणि लगेच लिहायला बसलेय.

चौथी मॅच हरलो होतो. आमची एक जिंकलेली, करावाँगची एक जिंकलेली. त्यामुळे काल चतुर्थीची मॅच आमच्या दोघांचीच, आणि हरेल ती टीम बंद. चित्रलेखाबाई सकाळी दर्शनाला आल्या, मोदक घेतला आणि म्हणाल्या, "आज देवाकडे काय मागायचं, मला कळेना. तुमच्या घरात बसून तुमच्या हरण्याचं कसं मागू?" मी म्हटलं, मलाही कळेना. दोघींनी नुसतेच हात जोडले.

मॅच कशी झाली म्हणशील, तर कुणाला काही करताच येईना. तिकडे जॉर्जी, इकडे चिन्मयी. टिल्डाला जॉर्जीने असं जखडलं, की पहिल्या अर्ध्यात तिचे चार. आणि आमच्या डावीकडून एकही पोर गेली नाही. मी काचेला नाक लावून, खिशातला एक दाणा मुठीत धरून उभी. शेवटी आमचे बावीस, त्यांचे वीस, आणि बॉल त्यांच्या सगळ्यांत चपळ पोरीकडे. ती चिन्मयीवर चालून आली. डोकं उजवीकडे, खांदा उजवीकडे, बॉलसुद्धा उजवीकडे दाखवला. चिन्मयी हलली नाही. तिचे खांदे खाली आले, मला काचेतून दिसलं, श्वास सोडला तिने. ती पोर डावीकडे निघाली आणि चिन्मयी तिथे उभीच होती. बॉल बाहेर गेला आणि भोंगा वाजला.

गँग-गँग राहिली. पोरी एकमेकींवर पडल्या. मी दारातच खाली बसले. तेवढ्यात करावाँगच्या पोरी बाहेर आल्या आणि बसून बूट सोडायला लागल्या, अगदी सावकाश, बूट सुटले की घरी जावं लागेल म्हणून. ते बघवत नव्हतं. आपलं राहिलं म्हणजे त्यांचं गेलं, हे मला आधीपासून माहीत होतं, पण दिसलं तेव्हा कळलं.

आज सकाळी दारावर थाप. अवधूत, त्याच्यामागे जॉर्जी, तिची आजी डॉट आणि करावाँगच्या आणखी दोघी.

अवधूत म्हणाला, "मावशी, तुम्ही आम्हाला फसवलंत."

"मी खरं तेच सांगितलं होतं. हिरा आहे म्हटलं, तर आहे."

"तेच ना. इतकं खरं कोण सांगतं?" यतीनराव आतून हसले. अवधूत म्हणाला, "तू हसू नकोस, मेट. आमची टीम बंद झाल्यावर क्लबने तुला दोन जागा वाढवून दिल्यात. तीन मुली आणल्यात."

"चौथी तूच ये, असिस्टंट म्हणून," यतीनराव म्हणाले. "डिफेन्समधलं डी शिकवतो."

पण पोरी त्यासाठी आल्याच नव्हत्या. जॉर्जीला विचारायचं होतं, की काल चिन्मयी हलली का नाही. तिने मॅचनंतर चिन्मयीला विचारलं आणि चिन्मयीने सांगितलं, माझ्या आजीच्या बहिणीने सांगितलंय, अंगणात लाइन्स आहेत, ये दाखवते. प्रसाद हातात घेऊन सगळ्या मागे गेल्या. खडू पुसट झालेला, मी परत आखला. या वेळी सगळं मैदान आखलं, आडव्या नऊ पाट्या मावेनात म्हणून पाच, आणि मधून उभी सूरपाटी. पाटीवर कसं उभं राहायचं ते मी दाखवलं, चिन्मयीने इंग्रजी केलं. जॉर्जी पाटीवर उभी राहिली आणि पहिल्याच वेळी तिला जमलं. चिन्मयीला तीन दिवस लागले होते. चिन्मयीचं तोंड जरा पडलं, मग तिनेच टाळी दिली.

मग जॉर्जी त्या मधल्या उभ्या रेघेवर जाऊन उभी राहिली. खाली बघितलं, मागे बघितलं, पुढे बघितलं. तिला दिसलं, की इथून सगळीकडे जाता येतं आणि सगळीकडून पाठीमागून कुणी येऊ शकतं. तिने विचारलं, इथे उभं राहायचं तर तोंड कुठे करायचं?

मला सांगता आलं नाही, सुहास. मी आडव्या पाट्यांवरच खेळले. सूरपाटीवर नेहमी तू असायचीस, आणि तू तिथे काय करायचीस हे मी कधी धड बघितलंच नाही. मला पळायची घाई असायची. मी चिन्मयीला म्हटलं, सांग तिला, हे मला येत नाही. हे ज्या बाईला येतं ती बार्शीत असते. जॉर्जीने विचारलं, ती दाखवेल का? चिन्मयी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, विचारून बघते.

डॉटने जाताना आल्याची बिस्किटं दिली, या वेळी हातात. गुरुवारी शाळा सुटल्यावर परत येतो म्हणाल्यात, चार वाजता. तुझ्याकडे तेव्हा साडेअकरा होतात.

अक्का